डीव्हीडी प्लेअर: चाल, चित्र आणि आवाज जुळवताना

डीव्हीडी प्लेअर जोडला, डिस्क घातली, चित्र आलं. इथवर बहुतेकांचं जमतं. पुढे घोडं अडतं. पडद्यावरची माणसं बुटकी नि जाडी दिसतात. गाणी कानठळ्या बसवतात, पण संवाद ऐकू येत नाहीत. रिमोटचं बटण दाबलं की कोपऱ्यात हाताचा पंजा उमटतो आणि काहीच घडत नाही. यातलं बहुतेक काही बिघाड नसतो. पडद्यावर काय दिसेल ते तीन ठिकाणी ठरतं: डिस्कवर काय भरलंय, प्लेअरच्या सेटअपमध्ये काय निवडलंय आणि टीव्ही त्या चित्राचं काय करतो. दोष या तिघांतल्या कुणाचा हे ओळखलं की उपाय दोन-चार बटणांतच असतो.

आधी वायर

टीव्ही आणि प्लेअर दोघांना एचडीएमआय असेल तर दुसरा विचार करू नका. ते नसेल तर हिरव्या-निळ्या-लाल पिनांची वायर चित्रासाठी आणि लाल-पांढरी आवाजासाठी लावा. यात दोन लाल पिना येतात, एक चित्राची नि एक आवाजाची. त्यांची अदलाबदल झाली तर रंग बिघडतात आणि एका बाजूचा आवाज जातो. हेही नसेल तर नेहमीची पिवळी-लाल-पांढरी वायर. पिवळ्या पिनेतून रंग आणि उजेड एकाच तारेने जात असल्यामुळे बारीक पट्ट्यांच्या शर्टावर किंवा साडीच्या काठावर इंद्रधनुषी रंग सरकताना दिसतात. तो या वायरचा स्वभाव आहे, सेटिंग बदलून तो जात नाही.

नव्या टीव्हींवर पिवळ्या पिनेसाठी वेगळं भोक बऱ्याचदा नसतं. ती हिरव्या भोकातच लावायची आणि टीव्हीच्या सोर्समध्ये 'कंपोनंट' न निवडता 'एव्ही' निवडायचं. चुकून कंपोनंट निवडलं तर चित्र कृष्णधवल दिसतं आणि लोक प्लेअर दुरुस्तीला नेतात. काही टीव्हींना हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं. तिथे त्या टीव्हीसोबत आलेलीच जोडवायर वापरा, कारण बाजारातल्या दिसायला तशाच वायरींमध्ये आतली जोडणी वेगळी असू शकते.

जुना व्हीसीआर अजून घरात असेल तर त्याच्यातून फिरवून डीव्हीडी टीव्हीला जोडू नका. कॉपी रोखण्यासाठी अनेक डीव्हीडींवर असलेल्या संरक्षणामुळे चित्र आलटूनपालटून उजळ आणि काळोखं होत राहतं.

चालू, बंद आणि मधलं सगळं

स्टॉप हे बटण दोन टप्प्यांचं आहे. एकदा दाबलं की डिस्क थांबते, पण जागा लक्षात राहते. प्ले दाबलं की तिथूनच पुढे सुरू. दोनदा दाबलं की जागा पुसली जाते आणि प्ले केल्यावर डिस्क पहिल्यापासून चालते. ट्रे उघडल्यावर किंवा वीज गेल्यावर बहुतेक साधे प्लेअर ही जागा विसरतात, त्यामुळे सिनेमा अर्धा सोडून उठताना पडद्यावरची वेळ बघून ठेवलेली बरी. 'डिस्प्ले' किंवा 'ओएसडी' बटण दाबलं की ती वर दिसते.

सेटअपमधल्या काही ओळी राखाडी दिसतात आणि निवडता येत नाहीत, त्याचं कारणही बहुधा हेच: डिस्क पूर्ण थांबलेली नाही. दोनदा स्टॉप दाबा. तरीही जमलं नाही तर डिस्क बाहेर काढून सेटअप उघडा.

पुढे-मागे जाण्याच्या बटणांच्या दोन जोड्या असतात. उभी रेघ असलेला बाण एकेक चॅप्टर उडी मारतो. मागच्या बाणाने पहिल्यांदा चालू चॅप्टरच्या सुरुवातीला जाता येतं आणि लगेच पुन्हा दाबलं तर आधीच्या चॅप्टरला. रेघ नसलेले दुहेरी बाण चित्र पळवतात. प्रत्येक दाबाला वेग वाढतो, साधारण २, ४, ८, १६, ३२ पट, आणि पुढे परत साध्या गतीवर येतो. पळवताना आवाज बहुधा बंद होतो आणि चित्र धक्के खात जातं. डीव्हीडीवर प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र असतं आणि मधल्या चित्रांमध्ये फक्त बदल नोंदलेले असतात. वेगात पळताना प्लेअर तेवढी पूर्ण चित्रं दाखवत सुटतो. एकेक चित्र पुढे सरकवणारं 'स्टेप' बरेच प्लेअर देतात, पण मागे सरकवणारं सगळ्यांकडे नसतं, त्याचं मूळही यातच आहे.

रिमोटवरचं सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित बटण म्हणजे 'सर्च' किंवा 'गो-टू'. ते दाबलं की टायटल, चॅप्टर आणि वेळ यांच्या रिकाम्या जागा दिसतात. बाणाने वेळेवर जा आणि तास, मिनिट, सेकंद या क्रमाने दोन-दोन आकडे भरा. एक तास बारा मिनिटं तीस सेकंदांसाठी ०१, १२, ३०. लग्नाच्या डीव्हीडीत चॅप्टर अनेकदा यंत्राने ठरावीक अंतराने पाडलेले असतात, प्रसंगांप्रमाणे नाही. तिथे चॅप्टर बदलत सप्तपदी शोधण्यापेक्षा वेळ टाकणं सोपं. एकदा सगळी डिस्क पाहताना कोणता विधी कितव्या मिनिटाला आहे ते कागदावर लिहा आणि तो कागद कव्हरमध्येच ठेवा.

'ए-बी' बटण शिकणाऱ्यांचं. तुकडा सुरू होताना एकदा दाबा, संपताना दुसऱ्यांदा. तेवढाच भाग फिरत राहतो. तिसऱ्यांदा दाबलं की सुटतो. लावणीची एखादी अदा किंवा तबल्याचा कायदा बसवताना याच्याइतकं उपयोगी काही नाही. सुरुवातीची जागा अर्धा-एक सेकंद मागेपुढे होऊ शकते, म्हणून तुकड्याच्या जरा आधीच दाबा. जोडीला 'स्लो' वापरता येतं, पण त्यात आवाज मिळत नाही, हे संगीत शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता तो पंजा. काही प्लेअरवर हात, काहींवर काट मारलेलं वर्तुळ दिसतं. अर्थ एकच: या जागी हे बटण चालू द्यायचं नाही असं डिस्क बनवणाऱ्याने ठरवलंय. सुरुवातीच्या कायदेशीर सूचना आणि कंपनीच्या जाहिराती याच पद्धतीने पुढे ढकलू दिल्या जात नाहीत. रिमोट बदलून उपयोग नाही. काही प्लेअरवर स्टॉप, स्टॉप, प्ले या क्रमाने दाबलं की थेट सिनेमा सुरू होतो. करून पाहायला हरकत नाही.

लांब सिनेमात मधेच, दर वेळी त्याच जागी, चित्र क्षणभर गोठतं आणि लगेच पुढे जातं, तो ओरखडा नसतो. ८.५ जीबीच्या डिस्कवर माहितीचे दोन थर असतात आणि तिथे किरण एका थरावरून दुसऱ्यावर जात असतो. ४.७ जीबीच्या एकथरी डिस्कवर असं होत नाही.

व्हीसीडीची गोष्ट वेगळी

मराठी नाटकं आणि सिनेमे घरोघरी मोठ्या प्रमाणात पोहोचले ते व्हीसीडीवर, आणि डीव्हीडी प्लेअर त्या चालवतो. पण व्हीसीडीवर डीव्हीडीसारखी निवडता येणारी सबटायटल नसतात. असतील तर ती चित्रातच छापलेली असतात. आकडा दाबून थेट गाण्यावर जाता येत नसेल तर 'पीबीसी' बटण बंद करा. ते चालू असताना डिस्कचा स्वतःचा मेन्यू आकड्यांवर ताबा ठेवतो.

एका कानात गायकाचा आवाज आणि दुसऱ्यात नुसतं संगीत, किंवा दोन भाषा एकमेकींवर चढलेल्या ऐकू येत असतील तर 'ऑडिओ' बटण दाबत जा: स्टिरिओ, डावा, उजवा. कॅराओकेच्या आणि दुभाषी व्हीसीडीत डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळं भरलेलं असतं. डीव्हीडीवर हेच बटण भाषा बदलतं. तिथे आठपर्यंत आवाजाचे ट्रॅक आणि ३२ सबटायटल असू शकतात. 'अँगल' बटणाचा उपयोग होईल अशा डिस्क फारच थोड्या.

संवाद ऐकू येत नाहीत तेव्हा

मागे सहा आवाजाच्या पिना असलेल्या प्लेअरवर ही तक्रार हमखास येते. ५.१ म्हणजे सहा स्पीकरांत वाटलेल्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तुमची जोडणी फक्त लाल-पांढऱ्या दोन पिनांची, पण सेटअपमध्ये पूर्ण ५.१ निवडलेलं, असं असेल तर मधला आवाज बाहेरच पडत नाही. स्पीकर सेटअपमध्ये 'डाउनमिक्स', म्हणजे सगळे आवाज कमी स्पीकरांत मिसळण्याची ओळ, शोधा आणि 'स्टिरिओ' करा. 'डीआरसी' किंवा 'नाईट मोड' असेल तर तोही चालू करा. मोठा आवाज खाली येतो, हळू आवाज वर येतो आणि रात्री शेजारी उठत नाहीत.

एचडीएमआयवर चित्र आहे आणि आवाजच नाही, तर डिजिटल आउटपुट 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम'वरून 'पीसीएम'वर आणा. एखाद्याच डिस्कवर शांतता असेल तर तिचा चालू ट्रॅक डीटीएस या प्रकारचा असू शकतो. अनेक स्वस्त प्लेअर तो उलगडू शकत नाहीत. ऑडिओ बटणाने डॉल्बीचा ट्रॅक निवडा.

चित्र: आधी आकार, मग रंग

बहुतेक लोक ब्राइटनेसपासून सुरुवात करतात. ती शेवटची पायरी आहे. आकार चुकलेला असताना रंग जुळवणं व्यर्थ.

डीव्हीडीवर पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, मग ते ४:३ असो वा १६:९. रुंद चित्र त्याच चौकटीत दाबून बसवलेलं असतं आणि दाखवताना पसरवायचं असतं. किती पसरवायचं हे प्लेअरला 'टीव्ही डिस्प्ले' किंवा 'टीव्ही टाइप' या ओळीवरून कळतं. सपाट रुंद टीव्ही असेल तर तिथे १६:९. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर ४:३ लेटरबॉक्स, म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या येतील पण पूर्ण चित्र दिसेल. तिसरा पर्याय पॅनस्कॅन. तो पडदा भरतो, पण बाजूचं चित्र कापतो. दोघांचं बोलणं चालू असताना एकाचं नाक तेवढं दिसावं असं वाटत नसेल तर तो टाळा.

आकार बरोबर आहे का हे तपासायला गोल वस्तूवर पॉज करा: ताट, घड्याळ, गाडीचं चाक. गोल दिसलं तर झालं. माणसं उंच नि बारीक दिसली तर डब्बा टीव्हीला १६:९ सांगितलं गेलंय. बुटकी नि जाडी दिसली तर ४:३ चित्र टीव्हीने ताणलंय. जुने सिनेमे आणि अनेक जुनी लग्नं ४:३ मध्येच आहेत. ती पाहताना टीव्हीच्या रिमोटवर 'ॲस्पेक्ट' किंवा 'पिक्चर साइज' ४:३ करा. डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येतात आणि त्या यायलाच हव्यात. पडदा भरला नाही म्हणून चित्र ताणणं हा वऱ्हाडी मंडळींवर अन्याय आहे.

एक अडचण इथे येते. प्लेअर एचडीएमआयवर ७२०पी किंवा १०८०पी पाठवत असेल तर काही टीव्ही ४:३ करू देत नाहीत. मग प्लेअरचं आउटपुट ५७६पी करून पाहा. किंवा प्लेअरच्या सेटअपमध्ये १६:९ च्या शेजारी 'पिलरबॉक्स' वा 'स्क्वीझ' असा पर्याय असेल तर तो घ्या.

चारही बाजूंना काळ्या पट्ट्या आणि मधे चिमुकलं चित्र दिसत असेल, तर डिस्क बनवतानाच रुंद चित्र ४:३ चौकटीत पट्ट्यांसकट भरलेलं आहे. इथे मात्र झूम वापरणं योग्य. प्लेअरच्या झूमपेक्षा टीव्हीचा झूम वापरा, कारण प्लेअरवरच्या पायऱ्या, १.५ पट, २ पट, ३ पट अशा, ढोबळ असतात. खालच्या काळ्या पट्टीत छापलेली सबटायटल मात्र यात कापली जातील. सिनेमास्कोप सिनेमाला रुंद टीव्हीवरही वर-खाली पट्ट्या राहतात. ते बरोबर आहे.

कडेची अक्षरं कापली जात असतील तर टीव्ही स्वतःहून थोडं मोठं करून दाखवतोय. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा.

पाल की एनटीएससी

भारतात पाल: ५७६ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी: ४८० ओळी, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. भारतीय सिनेमांच्या अनेक डीव्हीडी एनटीएससीत निघालेल्या आहेत, म्हणून प्लेअरमध्ये 'ऑटो' किंवा 'मल्टी' ठेवणं सोयीचं. जुना टीव्ही एनटीएससी घेत नसेल तर चित्र कृष्णधवल होतं किंवा वर-खाली सरकत राहतं. अशा वेळी प्लेअरला सक्तीने पाल सांगा.

उलट बाजूने विचार करा: अमेरिकेतल्या नातलगांना पालमधली लग्नाची डीव्हीडी पाठवली तर तिथल्या अनेक प्लेअरवर ती चालत नाही. कम्प्युटरवर चालते. व्हिडिओवाल्याकडून त्यांच्यासाठी एनटीएससी प्रत मागा किंवा सरळ व्हिडिओ फाइल द्या. डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालावी हे ठरवणाऱ्या रीजन कोडशी याचा संबंध नाही. रीजन विकत घेतलेल्या डिस्कला असतो: भारत ५, अमेरिका १, युरोप, जपान आणि आखाती देश २. घरी किंवा स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या डिस्कला तो बहुधा नसतोच.

'प्रोग्रेसिव्ह' किंवा 'पी-स्कॅन', म्हणजे चित्राच्या ओळी एकाआड एक न पाठवता सलग पाठवणं, फक्त हिरव्या-निळ्या-लाल वायरीवर आणि एचडीएमआयवर लागू होतो. टीव्हीला तो झेपत नसताना चालू केला तर पडदा काळा पडतो किंवा चित्राचे तुकडे दिसतात, आणि मेन्यूच दिसत नसल्याने मागे फिरता येत नाही. घाबरू नका. रिमोटवरचं 'पी-स्कॅन' किंवा 'व्ही-मोड' एकेकदा दाबा, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा. चित्र परत येतं.

आता ब्राइटनेस वगैरे

प्लेअरमध्येही हे सगळे पर्याय असतात, टीव्हीतही. दोन्हीकडे फिरवाफिरवी करू नका. प्लेअरचे आकडे शून्यावर किंवा मधोमध ठेवा आणि काम टीव्हीवर करा. एकदा प्लेअरने चिरडलेला काळा तपशील टीव्हीला परत आणता येत नाही. अपवाद एकच: टीव्ही प्रत्येक सोर्ससाठी वेगळी सेटिंग लक्षात ठेवत नसेल, तर केबलचं चित्र बिघडू नये म्हणून डीव्हीडीपुरता बदल प्लेअरमध्ये करावा.

आधी टीव्हीचा 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड सोडून 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' घ्या. तो भडक मोड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उठून दिसण्यासाठी असतो. खोलीत नेहमी बघता तेवढाच उजेड ठेवा.

ब्राइटनेस चित्राची काळी बाजू हलवतो. वर-खाली पट्ट्या असलेल्या सिनेमात रात्रीचा प्रसंग पॉज करा. ब्राइटनेस वाढवत न्या, पट्ट्या राखाडी दिसू लागतील. मग पट्ट्या नुकत्याच काळ्या होईपर्यंत खाली या आणि थांबा. काळ्या केसांच्या बटा अजून वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

कॉन्ट्रास्ट पांढरी बाजू हलवतो. पांढऱ्या सदऱ्यावर पॉज करा. वाढवताना घड्या दिसेनाशा झाल्या की मागे या. लग्नाच्या डिस्कवर मुंडावळ्यांचे मोती एकेक मोजता आले तर कॉन्ट्रास्ट बरोबर. हे दोन एकमेकांना थोडं ढकलतात, म्हणून पुन्हा एकदा ब्राइटनेस तपासा.

रंगासाठी कलर शून्यावर आणा, चित्र कृष्णधवल झालं की चेहऱ्याची कांती खरी वाटेपर्यंत वाढवा. साडीकडे बघून ठरवू नका, साडी कोणत्याही रंगात खपून जाते. आणि हळदीच्या प्रसंगावर तर मुळीच नाही. 'टिंट' किंवा 'ह्यू' फिरवायची गरज पिवळ्या पिनेवर एनटीएससी डिस्क चालवतानाच पडते. पालमध्ये अनेक टीव्ही तो पर्याय बंदच ठेवतात.

शार्पनेस जितका वाढवाल तितकं चित्र स्पष्ट होईल हा गैरसमज. तो तपशील वाढवत नाही, कडांना उसनी रेघ काढतो. विजेचा खांब किंवा श्रेयनामावलीतली अक्षरं बघा आणि भोवतीची पांढरी किनार जाईपर्यंत कमी करा. व्हीसीडीला तर तो अगदी खाली ठेवा. तिचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे डीव्हीडीच्या जेमतेम पाव. शार्पनेसने त्यातले चौकोनच उठून दिसतात. मोठ्या टीव्हीवर व्हीसीडी बघताना खुर्ची मागे सरकवणं हा खरा उपाय.

१०८०पी आउटपुट निवडलं म्हणून डीव्हीडीत नवा तपशील येत नाही. ५७६ ओळी मोठ्या करण्याचं काम प्लेअर करणार की टीव्ही, एवढाच प्रश्न असतो. दोन्ही लावून पाहा, बरं दिसेल ते ठेवा.

डिस्क अडकते

दर वेळी त्याच जागी अडकली तर दोष डिस्कचा. कुठेही अडकली तर प्लेअर तापलाय किंवा लेन्सवर धूळ आहे. कोकणात पावसाळ्यात, किंवा एसीच्या खोलीतून प्लेअर बाहेर आणल्यावर लेन्सवर दमट थर बसतो. तास-दोन तास थांबा.

पुसताना मऊ सुती फडकं, हवं तर पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि हात मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. माहिती गोल वळणात लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, वळणाच्या दिशेने गेलेला सलग बरंच काही खातो. रॉकेल, थिनर वर्ज्य. व्हीसीडीचा चकाकणारा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, तिथला ओरखडा कायमचा. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे असतो, म्हणून छापील बाजूच्या ओरखड्याला ती जास्त टिकते. रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जातो आणि ती थरथरते. स्टुडिओतून आलेली डिस्क कम्प्युटरवर चालते पण प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो, तर ती फायनलाइज, म्हणजे रेकॉर्डिंग संपवून बंद, केलेली नसण्याची शक्यता जास्त. ज्याने बनवली त्याच्याकडून ती करून घ्या. रेकॉर्ड केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने उडत जातो, त्यामुळे चालतेय तोवरच तिची प्रत कम्प्युटरवर उतरवून ठेवा.

सेटिंग बदलता बदलता सगळाच गुंता झाला, तर डिस्क बाहेर काढून सेटअपच्या 'प्रेफरन्सेस' पानावर 'डिफॉल्ट' निवडा. त्यानंतर तीन ओळी पुन्हा स्वतः भराव्या लागतील: टीव्ही डिस्प्ले, टीव्ही सिस्टिम आणि डाउनमिक्स.